गोल्फ, ‘खरा मी’ आणि एक प्रेशर कुकर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ३४ वर्षांचे, मूळचे निपाणीचे. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये १० वर्षं काढून आता बेळगावातून घरबसल्या काम करतात. दीड वर्षापूर्वी एका मित्रामुळे गोल्फची स्टिक हातात घेतली. गेल्या डिसेंबरात एका सकाळी सात नंबरच्या आयर्ननं (लोखंडी तोंडाच्या स्टिकनं) मारलेला एक फटका असा बसला की, त्यांच्याच शब्दांत, ‘मारणारा कोणी उरलाच नव्हता’. तेव्हापासून त्यांना वाटतं, आपलं खरं स्वरूप सापडायचा रस्ता हाच. ते विचारतात: गोल्फ ही साधना होऊ शकते का? गुरू लागतो का? नोकरीतून वर्षभर सुट्टी घेऊन याच्याच मागे लागावं का? आणि घरची माणसं ‘श्रीमंतांचा खेळ, आणि म्हणे अध्यात्म’ असं म्हणून हसतात, त्यांना काय सांगावं?

आधी माझी ओळख देतो, म्हणजे या उत्तराला किती वजन द्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी बेळगावजवळच्या गणेशपूरचा. वडील कॅम्पातल्या (लष्करी छावणीतल्या) बंगल्यांना दूध घालायचे. १९८१ साली मी ११ वर्षांचा असताना त्यांच्या एका गिऱ्हाईक साहेबांनी ‘पोराला सकाळी मैदानावर पाठव’ म्हटलं आणि मी कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा, झालो. बॅगेच्या पट्ट्यानं खांद्याची सालटी निघाली, हे मला झालेलं गोल्फचं पहिलं दर्शन. स्वतः खेळायला मिळालं ते पुढे सात-आठ वर्षांनी. नंतर ३० वर्षं उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, लेथवर काम केलं. सकाळचा खेळ सुटला नाही, आणि गेली १५ वर्षं नव्यानं येणाऱ्यांना शिकवतो. हँडिकॅप (खेळाडू किती कच्चा ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) एके काळी ६ पर्यंत खाली आला होता, आता १३ आहे आणि वयाबरोबर वाढतोच आहे. अध्यात्मात माझी पदवी नाही. गळ्यात माळही नाही. चाळीसेक वर्षं माणसं गोल्फ खेळताना जवळून पाहिली आहेत, त्यात एक माणूस मीही आहे, एवढंच भांडवल.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात गोल्फ कमी आणि तो एक फटका जास्त आहे. डिसेंबरपासून आतापर्यंत तुम्ही हजारभर तरी फटके मारले असतील, त्यांच्याबद्दल एक ओळही नाही. म्हणून प्रश्न मला असा दिसतो: ‘जे एकदा आपसूक घडलं ते मला पुन्हा हवं आहे, आणि ते हवं असण्यालाच मी साधना म्हणू का?’ असं मांडलं की उत्तर थोडं सोपं होतं, पण तुम्हाला आवडेलच असं नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून टाकतो. तुमची आधीपासून काही उपासना चालू असेल, तर गोल्फ तिच्या शेजारी नीट बसतो. काहीच नसेल तर सगळा भार बिचाऱ्या खेळावर पडतो, आणि तो त्याला पेलत नाही. कर्जाचे हप्ते, घरची जबाबदारी, पाठ-कंबर कशी आहे, यानंही उत्तर बदलतं. आणि एक गोष्ट जरा जपून विचारतो. ‘ती सकाळ सोडली तर सगळं बेचव लागतं’ असं तुम्ही लिहिलं आहे. ते नुसतं लिहिण्याच्या ओघात आलं असेल तर सोडून द्या. पण झोप उडाली असेल, जेवणखाण तुटलं असेल, महिनोन्‌महिने असं चाललं असेल, तर आधी चांगल्या डॉक्टरला भेटा. मनाच्या दुखण्यावर सात नंबरची आयर्न चालत नाही.

आता त्या फटक्याकडे येऊ. त्याचं महत्त्व मला कमी करायचं नाही, मलाही तसे काही मिळालेत. पण तो कसा घडतो ते समजून घ्या. गोल्फचा चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा. स्टिकचं तोंड आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात तो वेळ सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. हाताला बसलेली ती लोण्यासारखी जाणीव मेंदूपर्यंत पोचते तोवर चेंडू हवेत असतो. म्हणजे ज्याला तुम्ही ‘तो क्षण’ म्हणता, तो तुम्हाला कळला तेव्हा होऊन गेलेला होता. तुम्ही जपून ठेवली आहे ती त्याची आठवण. आणि आठवणीत ‘मी’ हटकून असतोच, नाहीतर ‘मारणारा कोणी उरलाच नव्हता’ हे आम्हाला सांगितलं कुणी?

लेथवरही असं व्हायचं. जॉब चकमध्ये धरला, टूल लावलं, आणि अर्धा तास कुठे गेला कळलं नाही, पीस अगदी मापात निघाला. शेजारच्या मशीनवरचा दोस्त याला ‘हात लागणं’ म्हणायचा. कुणी त्याला समाधी म्हटलं नाही, कारण लगेच मायक्रोमीटर लावावा लागायचा. पीस मापात आहे की थाउच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) हिशेबात चुकला, ते मायक्रोमीटर सांगायचा, आणि माझ्या मनात काय दाटून आलं होतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. गोल्फमध्ये तो मायक्रोमीटर कुठला, हे मला बरंच उशिरा कळलं. त्याकडे येतोच.

त्याआधी एक साधा हिशेब. तुम्ही एका राउंडमध्ये, म्हणजे अठरा होलांच्या (भोकापर्यंतच्या अठरा टप्प्यांच्या) फेरीत, धरून चाला, ९५ फटके मारता. स्टिक उचलल्यापासून फिरून थांबेपर्यंत एका फटक्याला दीड सेकंद. सगळे मिळून अडीच मिनिटंसुद्धा होत नाहीत. अठरा होलांना चार तास लागतात. उरलेले तीन तास सत्तावन्न मिनिटं तुम्ही चालता, वाट बघता, घाणेरीच्या झुडपात वाकून चेंडू शोधता, आणि मनातल्या मनात बडबडता. गोल्फवर अध्यात्माचे बोल ऐकवणारे सगळे त्या अडीच मिनिटांबद्दल बोलतात. कॅडी उरलेल्या वेळाचा साक्षीदार असतो. या खेळात काही शोधण्यासारखं असेल तर ते चालण्यात आहे, असं माझं मत आहे, आणि ते मत बॅगेखाली तयार झालं आहे.

बॅगेखालून काय दिसतं ते सांगतो. बंगल्यात साहेब, परेडवर साहेब, पण चेंडू रफमध्ये, कडेच्या उंच गवतात, गेला की प्रत्येकाच्या आतून वेगळाच माणूस बाहेर यायचा. एकजण फटका चुकला की माझ्याकडे बघायचे, जणू मीच शिंकलो. एकजण गवताला शिव्या द्यायचे. शहापूरचे एक व्यापारी मोठ्यानं हसायचे आणि पुढच्या होलवर रागानं दुप्पट जोर लावायचे. एक डॉक्टर होते, ते लगेच कारण सांगायचे: वारा, कंबर, रात्रीची झोप. कारणं बरोबर असायची हो, पण ती कुणाला सांगत होते? अकरा वर्षांच्या पोराला? हळूहळू माझ्या ध्यानात आलं की प्रत्येकाच्या आत एक वकील बसलेला असतो. फटका पडण्याआधीच त्याचं वकीलपत्र तयार असतं.

आणि एक कर्नलसाहेब होते. पावसाळा नुकताच संपलेला, गवत दाट. आम्ही दोघंच, बाकीचे पलीकडच्या बाजूला. साहेबांनी स्टिक चेंडूमागे टेकवली आणि चेंडू गवतात एवढासा खाली बसला. नखाएवढा. मी बघितलं, पण न बघितल्यासारखं केलं, कॅडीला ते शिकावं लागतं. साहेबांनी चेंडू जागेवर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, ‘एक बढा दे.’ तेव्हाच्या नियमानं तो एक फटक्याचा दंड होता. राग नाही, ‘बघ मी किती प्रामाणिक’ असा आवही नाही. पेट्रोल भरल्यावर पैसे द्यावेत तसं. पुढे ते चार तास नेहमीसारखेच चालले. त्यांच्यातला वकील त्या दिवशी कामावरच आला नव्हता.

असंच एक उदाहरण या खेळाच्या इतिहासात आहे. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूनं असाच हललेला चेंडू स्वतः कबूल केला. पाहणाऱ्या कुणाला तो हललेला दिसला नव्हता, तरी यानं दंड लावून घेतला. ७२ होलांनंतर विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. तो एक फटका मोजला नसता तर स्पर्धा त्याचीच होती. हे मला खूप नंतर वाचायला मिळालं. कर्नलसाहेब आधीच दिसले होते, म्हणून नवल वाटलं नाही.

आता माझी गोष्ट. १९९८ साली एका स्पर्धेत मी चांगला खेळत होतो. चौदाव्या होलवर बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात, गेलो, पहिला फटका वाळूतच फुसका झाला, चेंडू कडेवरून घरंगळून परत माझ्या पायाशी. त्या होलवर सहा फटके झाले. मार्करनं (माझा स्कोअर लिहिणाऱ्या सोबतच्या खेळाडूनं) विचारलं, मी ‘सहा’ म्हटलं, त्यानं लिहिलं. इथवर ठीक. अठरा होल संपवून बाकड्यावर बसलो तेव्हा आधी आलेल्यांचे आकडे कानावर आले. कमी फटके त्याचं बक्षीस, आणि एका फटक्यानं माझं जात होतं. स्कोअरकार्ड तपासताना मी मार्करला म्हटलं, ‘चौदाव्याला पाच होते ना रे?’ त्यानं माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल उलटी केली, सहा खोडला आणि पाच लिहिला. मी सही केली. तिसरं बक्षीस मिळालं, पाच लिटरचा प्रेशर कुकर.

लक्षात घ्या, बंकरमध्ये मी खोटं बोललो नव्हतो. तिथे घाम होता, वाळू होती, खोटं बोलायला सवड नव्हती. खोटं पुढे दोन तासांनी आलं, सावलीत, पाणी पिऊन झाल्यावर. आणि गंमत अशी की त्याच राउंडमध्ये सोळाव्याला मला तुमच्यासारखाच एक फटका लागला होता. पोकळ, निःशब्द, सुंदर. त्यातून बाहेर आलेल्या माणसानं तासाभरात सहाचा पाच केला. त्या दिवसापासून अशा फटक्यांवरून कुणाची, विशेषतः माझी, पारख करणं मी सोडून दिलं.

अकरा वर्षांनी चहाच्या टपरीवर त्या मार्करला सांगून टाकलं. तो म्हणाला, ‘मला तेव्हाच ठाऊक होतं.’ मग खोडलंस का? ‘तुला तोंडावर खोटारडा म्हणायला जीभ रेटली नाही.’ म्हणजे माझ्या पाचासाठी दोन माणसांना खोटं बोलावं लागलं. कुकर अजून घरात आहे. दोनदा रिंग बदलली, शिट्टी बदलली. बायकोला सगळं माहीत आहे. आमटी पातळ झाली म्हणून मी कधी कुरकुर केली की ती फक्त कुकरकडे बघते.

तर मायक्रोमीटर म्हणजे ते कार्ड. ‘खरा मी कोण’ याचं उत्तर गोल्फ देत नाही, त्याच्याजवळ ते नाहीच. पण ‘खोटा मी कसा काम करतो’ हे तो इतक्या बारकाईनं दाखवतो की दुसरीकडे तेवढं दिसणं अवघड. कारण इथे चेंडू थांबलेला असतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला नावं ठेवता येतात, टेनिसमध्ये समोरच्याच्या सर्व्हिसला. इथे पडलेला चेंडू, सव्वाचार इंचाचं भोक आणि तुम्ही. बहुतेक वेळा पंचही सोबत नसतो, दंड स्वतःचा स्वतः सांगायचा. तरीही वकील युक्तिवाद करतोच. तो करताना पकडला गेला, एवढंच या खेळातून पदरात पडतं. मला वाटतं, ते थोडं नाही.

हँडिकॅपचंही तेच. हँडिकॅप म्हणजे पारच्या (होलला ठरलेल्या फटक्यांच्या) मानानं तुम्ही साधारण किती कच्चे, याचा आकडा. काहीजण तो मिरवायला खाली दाखवतात. काही हुशार माणसं मुद्दाम वर ठेवतात, म्हणजे स्पर्धेत सवलत जास्त मिळते. पहिल्याला लोकांनी आपल्याला मोठं समजावं असं वाटतं, दुसऱ्याला बिचारं समजावं असं. आकडा दोघांचाही खोटा. तुम्ही ‘मला स्कोअरशी काही देणंघेणं नाही, मी फक्त अनुभवासाठी खेळतो’ असं लिहिलं आहे, तो मला तिसरा प्रकार वाटतो. राग मानू नका. मोजायचंच नाही म्हटलं की वकिलाला कोर्टातच यावं लागत नाही.

आमच्या भागाला अध्यात्म नवीन नाही, त्यामुळे या गोष्टी घरातल्या माणसांशी ताडून पाहता येतात. इथे हिंदवाडीत गुरुदेव रानडे मंदिर आहे. रानडे जमखंडीचे, अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवलं, कुलगुरू झाले, आणि शेवटी निंबाळच्या आश्रमात राहिले. माझी एक मावशी त्या परंपरेतली. रोज ठरल्या वेळी नेमाला बसायची, पाऊस असो, पाहुणे असोत. एकदा मला अंगणात पटिंग (चेंडू हलकेच भोकात ढकलण्याचा सराव) करताना बघून तिनं विचारलं, ‘काय करालास रे?’ मी सांगितलं, चेंडू भोकात घालतो. ‘आणि गेला की?’ बाहेर काढतो आणि पुढच्या भोकाकडे जातो. ती जरा विचार करून म्हणाली, ‘मग माळ बरी की. ती हातातच राहते.’ हसण्यावारी नेलं तेव्हा. नंतर कळलं की तिला म्हणायचं होतं: तुझं लक्ष भोकावर आहे, माझं नेमावर. भोकाचं फळ मिळतं किंवा हुकतं. नेम पाळला तर पाळलेला राहतो.

तिच्याच परंपरेतल्या सिद्धरामेश्वर महाराजांची एक शिकवण इथे उपयोगी पडेल. मुंगी फांदीफांदीनं चढत फळापर्यंत जाते तो पिपीलिका मार्ग, पाखरू थेट झेपावतं तो विहंगम मार्ग. तुम्हाला वाटतंय की डिसेंबरात तुम्ही पाखरासारखे पोचलात. पण महाराजांचा विहंगम मार्ग म्हणजे विवेकानं थेट मुळाशी भिडणं, आणि तिथे धुंदीला जागा नव्हती. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज मुंबईत खेतवाडीत विड्यांचं दुकान चालवत. जागा कुठली, वस्तू कुठली, यानं फारसं अडत नसावं. गोल्फमध्ये बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी, नावानं पाखरू) असते एवढंच, बाकी सगळी मुंगीची चाल आहे.

गोल्फच्या गप्पांत हमखास निघणारा अर्जुन आणि पाखराचा डोळा यांचा दाखलाही मला फारसा पटत नाही. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेनं गोल्फवर बंदी घातली, ती लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हा खेळ खेळत बसायचे म्हणून. द्रोणाचार्यांनी आपल्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

आणखी एक परीक्षा सांगतो, ती मला बिबट्यानं घेतली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला, आठवत असेल. आसपासच्या शाळा बंद ठेवल्या, पिंजरे लावले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैल कॅम्पातून हत्तीसुद्धा आणले. सगळ्या गावाला चर्चेला विषय. मी मात्र घरात चिडचिड करत होतो. चौथ्या दिवशी बायकोवर ओरडलो, सहाव्या दिवशी नातवावर. ज्याला मी पंधरा वर्षं ‘माझी सकाळची शांती’ म्हणत होतो, ती चहाच्या सवयीसारखी निघाली. वेळेवर मिळाली नाही की डोकं दुखायचं. वाईट वाटलं, पण उपयोग झाला. त्या दिवसांत रोज त्याच वेळी स्टिकशिवाय, चेंडूशिवाय गणेशपूरहून हिंडलग्याच्या बाजूला चालायला लागलो आणि आतली बडबड ऐकू लागलो. मैदानावर जी बडबड असायची तीच होती, फक्त विषय बदलले होते. तेव्हा तुम्हीही हे करून बघा: तीन आठवडे गोल्फ पूर्ण बंद. त्या काळात घरचे तुमच्याबद्दल काय म्हणतात ते ऐका. माझ्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

आता तुमचे बाकीचे प्रश्न भराभर घेतो.

वर्षभराची सुट्टी? माझं मत, घेऊ नका. पैशांचा भाग सोडा. वर्षभरात ‘काहीतरी सापडलं पाहिजे’ हे ओझं घेऊन टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर) उभं राहिलात की खांदे आपोआप आवळतात, आणि आवळलेल्या खांद्यांनी साधा पंच्याहत्तर यार्डांचा पिच (उंच छोटा फटका) सुद्धा नीट जात नाही. शिवाय सुट्टी संपताना सापडलं नसेल, तर वकील ‘सापडलं’ असंच सांगणार. त्यानं एवढा खर्च केलेला असतो.

गुरू? स्टिक कशी धरायची, कंबर कशी फिरवायची, यासाठी शिकवणारा हवाच. पहिल्या सहा महिन्यांत लागलेली वाईट सवय पुढे सहा वर्षं निघत नाही. बाकीच्यासाठी मी म्हणेन, तुमचा आकडा तुमच्या तोंडावर बरोबर सांगणारा एक सोबती शोधा. माझ्या मार्करसारखा भिडस्त नको.

घरचे? ते चुकत नाहीत, खेळ महाग आहेच. पण नियमात १४ स्टिक ही वरची मर्यादा आहे, तेवढ्या घ्यायलाच हव्यात असं नाही. जुन्या बाजारातली एक सात नंबर, एक वेज, एक पटर एवढ्यावर दोन वर्षं छान निघतात. आणि अध्यात्म हा शब्द घरात वापरूच नका. ‘फिरायला जातो’ म्हणा. ते खरंही आहे, चार तासांत आठ-दहा किलोमीटर होतात. मैदानावर प्रवेशाचे, फीचे नियम बदलत असतात, ते तिथेच जाऊन विचारा.

तीन आठवड्यांनंतर परत सुरू कराल तेव्हा मी माझ्याकडे येणाऱ्यांना जे करायला लावतो ते करा. फटका चुकला की पहिलं काम, उडालेली गवताची खपली उचलून आणा आणि जागेवर ठेवून पायानं दाबा. आपल्याकडची तांबडी माती पावसात लोण्यासारखी असते, खपली लगेच बसते. उन्हाळ्यात ती बसत नाही, तरी दाबा. कॅडी असताना हे काम मी दुसऱ्यांच्या चुकांसाठी हजारो वेळा केलं. स्वतःच्या चुकीसाठी करताना जे वाटतं ते वेगळं. वाकायला लागतं, आणि वाकलेल्या माणसाला कारणं सांगायला जरा जड जातं. बंकरमधून निघताना वाळूवर दाताळं स्वतः फिरवा, कॅडीला सांगू नका.

चालताना बडबड थांबवायचा प्रयत्न करू नका. मी दहा वर्षं केला, वाया गेला. ती कुणाला उद्देशून चालली आहे एवढंच बघा. बॉसला? वडिलांना? गोल्फला आणणाऱ्या त्या मित्राला? बहुतेक वेळा एक ठरावीक श्रोता असतो. माझा श्रोता कर्नलसाहेब होते. ते बदली होऊन गेल्याला २० वर्षं झाली तरी मी त्यांनाच समजावत होतो. श्रोता ओळखू आला की बडबडीतला अर्धा जोर जातो. उरलेला अर्धा राहतो, त्याला राहू दे.

चेंडू हरवला तर तीन मिनिटं शोधा. २०१९ पासून नियमच तेवढा आहे, आधी पाच मिनिटं होती. तीन संपली की खरंच सोडा, खिशातला दुसरा काढा, एक फटका दंड धरा आणि मागे जाऊन जिथून मारला होता तिथून मारा. मागे चालत जाणं हेच त्यातलं कठीण. पुढचे लोक बघत असतात. तो फटका परत हवा असण्याबद्दल मी वर जे लिहिलं त्याची तालीम इथे होते. चेंडू गेला, तुम्ही तिथे होता, आता नाही.

तीन फुटांवरून पटिंगचा फटका मात्र रोज घरात मारा. भोकाऐवजी वाटी चालते. चेंडूकडे दोन सेकंद निवांत बघायचं, मग मारायचा, आणि पडल्याचा आवाज कानानं ऐकायचा, मान वर करून बघायचं नाही. हे फक्त तंत्र आहे. त्यात आणखी काही दिसलं तर दिसू दे, शोधत बसू नका.

आणि प्रत्येक होल संपला की आकडा मोठ्यानं म्हणा, मगच पुढच्या टीकडे चाला. मैदानावर कार्डासोबत छोटी पेन्सिल देतात. तुम्ही घरून पेन घेऊन जा.